बोयानचं पाऊल कोणी पाहिलं नाही

आमच्या त्सेकोला लग्नाआधी मी एकदाच बोलताना ऐकलं होतं, तेही माझ्या खुर्चीचा पाय त्याच्या अंगठ्यावर आला होता म्हणून. माणूस दारात मावत नाही एवढा, हात फावड्यासारखे, आणि तोंडाला कुलूप. गावाच्या पाण्याच्या पंपावर नोकरीला. पंप जेवढा आवाज करतो तेवढाही हा करत नसे. नेव्हेनासारख्या चुणचुणीत पोरीने याच्यात काय पाहिलं, या प्रश्नावर आम्ही बायकांनी वेन्काच्या दुकानासमोरच्या बाकावर एक अख्खा हिवाळा काढला. शेवटी मीच निकाल दिला की तिच्या माहेरी सगळे एकदम बोलतात आणि कोणीच ऐकत नाही, पोरीच्या कानांना जरा विसावा हवा असेल.

तोच त्सेको आता दिवसभर बडबडतो. फोनशी.

त्याचं असं झालं, की त्यांचा पोरगा बोयान आठ महिन्यांचा होता, वरचे दात शिवशिवत होते, तेव्हा नेव्हेना इटलीला गेली. आमच्या गावात ही काही बातमी नव्हे. इथे मुलींचं आयुष्य ठरलेलं: शाळा, लग्न, पोर, इटली. तिकडच्या म्हाताऱ्यांना सांभाळायला माणूस लागतं, आणि इकडे कारखाना बंद पडल्यापासून धुराड्यावर करकोच्यांची घरटी तेवढी आहेत. नेव्हेनाच्या वाट्याला आली सिन्योरा, म्हणजे बाईसाहेब, इर्मा नावाची एक बहिरी म्हातारी. तिला भरवायचं, न्हाऊ घालायचं, आणि रोज हात धरून खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवायचं, नाहीतर ती चालणं विसरेल असं डॉक्टरचं म्हणणं. इकडे स्वतःचं पोर भिंत धरून उभं राहायला बघतंय आणि ती तिकडे दुसऱ्याच्या आईला पाऊल टाकायला लावतेय. देवाला अशा थट्टा करायला फार आवडतं. मलाही आवडतं, पण मी अशी केली नसती.

बसमध्ये चढताना ती त्सेकोला एवढंच म्हणाली, "मला सगळं दाखव. काही गाळू नकोस."

त्सेको पंपावरचा माणूस. त्याला सांगितलेलं काम म्हणजे काम. दर महिन्याच्या नऊ तारखेला तो बोयानला वेन्काच्या दुकानात आणायचा, मोठ्या तराजूच्या परातीत बसवायचा, आणि फोन धरून पंपावरची पाळी बदलताना बोलतात तसं बोलायचा. "नेव्हेना, महिना दहावा. दात चार. दाब व्यवस्थित. गळती दोन्हीकडून, नेहमीप्रमाणे. काल पाद्रीबुवांचं बोट चावलं. बुवा म्हणाले चालेल." वेन्का काटा बघून वजन ओरडायची, मी पोराशेजारी एक भला मोठा कोबीचा गड्डा ठेवायची, म्हणजे आईला अंदाज यावा. पहिले दोन महिने पोर कोबीपेक्षा लहान होतं. नंतर त्याने कोबीला मागे टाकलं तेव्हा दुकानातल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या, त्याही फोनमध्ये गेल्या.

आणि रविवारच्या सहली. त्सेकोची जुनी लाडा गाडी, पुढे तो, मागे पोर, पोराला धरायला मी, गल्लीतली म्हातारी. त्याची आई इलिंका यायची नाही, तिला गाडी लागते. मला काही लागत नाही, मी सगळीकडे गेले. दुनाव नदीच्या काठी मोठ्या मालबोटी बघायला. शहराच्या स्टेशनावर गाड्या बघायला, तिथे बोयानने शिट्टी ऐकून अशी काही बोंब ठोकली की गाडीचा ड्रायव्हर खिडकीतून खाली बघायला लागला. मठाच्या जत्रेत, भोपळ्याच्या शेतात, कुठे कुठे. प्रत्येक ठिकाणी त्सेको बाक शोधायचा, बोयानला एका टोकाला बसवायचा आणि लांब जाऊन फोटो काढायचा.

नदीवर मी पहिल्यांदा त्याच्याजवळ बसायला गेले.

"गेनाआजी, तिथे नको," त्सेको म्हणाला.

"का रे, रंग ओला आहे?"

"नाही. ती नेव्हेनाची जागा."

मी बघितलं. पोर एका टोकाला, आणि शेजारी एका माणसापुरती मोकळी फळी. मग मी त्याला सोडते होय. म्हटलं, "अरे, एवढी जागा ठेवलीस? तिकडचं खाऊन ती इतकी रुंद झाली का?" तो हसला नाही. जरा विचार करून पोराला दोन बोटं मोकळ्या फळीकडे सरकवलं, आणि फोन डोळ्यासमोर धरला. सगळे फोटो तसेच आहेत. कुठेही बघा, पोर कडेला आणि शेजारी कोणी नाही. अनोळखी माणसाला वाटेल, फोटो काढणाऱ्याला धड नेम धरता येत नाही.

नेव्हेना दुपारी फोन करायची, सिन्योरा इर्मा जेवून झोपली की. मी बऱ्याचदा तिथेच असायची, कारण माझं दुपारचं झोपणं इलिंकाच्या स्वयंपाकघरात जास्त चांगलं होतं. फोटो तिने पाहिलेले असायचे, तरी तिचे प्रश्न संपायचे नाहीत, आणि प्रश्न असे की उत्तर फोनमध्ये मावू नये. "त्याच्या मानेला अजून तसाच वास येतो का रे, कोमट दुधासारखा?" त्सेको पोराला उचलून वास घ्यायचा आणि इमानदारीत सांगायचा, "येतो. वरून थोडा लसणाचा पण." "माझ्या आवाजाकडे बघतो का?" "बघतो. आत्ता फोन चाटतोय." पहिल्या वाढदिवसाला तिने तिकडून मेणबत्तीवर फुंकर मारली आणि इकडे त्सेकोने बोटांनी वात विझवली. बोयान खूश झाला. नेव्हेना म्हणाली, लाईन खराब आहे, तुमचे चेहरे ओले दिसतायत. लाईन चांगली होती.

तिने एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच मागून ठेवली होती. "त्याचं बाकी सगळं मी काचेतून बघेन," ती सासूला म्हणाली होती. "पण पावलाची रोटी माझ्या हातची व्हायची. त्याने पाऊल टाकायच्या आत मी येते." तिची सुट्टी त्यांच्या ईस्टरला होती, सिन्योरा इर्माची मुलगी तेव्हा आईजवळ राहायला येणार होती. त्यांचं चर्च वेगळं, पंचांग वेगळं, त्यामुळे त्यांचा ईस्टर या वर्षी आमच्यापेक्षा बराच आधी होता. बोयान आपला जड बुडाचा, रांगण्यात सुखी. सगळ्यांना वाटलं, जमेल.

आता पावलाची रोटी म्हणजे काय ते माझ्या वाचकांना त्यांच्या आजीने सांगितलं असेलच, नसेल तर मी सांगते. पोराने पहिलं पाऊल टाकलं की लगेच, पीठ मळायला जेवढा वेळ लागेल तेवढ्यात, घरात गोल रोटी भाजतात. पांढरं कापड अंथरायचं, त्यावरून रोटी चाकासारखी सोडायची, पोर तिच्यामागे जातं. दुसऱ्या टोकाला कात्री, चमचा, पाना, पेन असं काहीबाही मांडलेलं असतं, पोर पहिल्यांदा जे उचलेल तो त्याचा धंदा. मग रोटी मधाबरोबर सगळ्यांनी खायची, पण बसून नाही, चालता चालता. उशीर केला तर पोर जन्मभर ठेचाळतं, असं म्हणतात. आमच्या गल्लीतल्या एका माणसाची रोटी आठवडाभर राहिली होती. तो तीनदा लग्न करून तीनदा पडला.

तर मार्च लागला होता, एक मार्चला आमच्याकडे बांधतात ते लाल-पांढरे दोरे सगळ्यांच्या मनगटाला बांधून झाले होते. मी वेन्काच्या दुकानातून प्रासची जुडी घेऊन बाहेर आले. प्रास म्हणजे आमचा लांबुळका पातीचा कांदा. आमच्या भागातल्या माणसाला त्यावरून चिडवतात, आणि चिडवोत बापडे, आम्ही तो खातच चिडतो. बाकाला धरून बोयान उभा होता. इलिंका शेजारी बसून लोकर गुंडाळत होती. मी एक काडी काढली आणि त्याच्या नाकाला गुदगुल्या केल्या. त्याने हात पुढे केला, मी काडी मागे घेतली. पुन्हा केला, पुन्हा घेतली. कोणाला चिडवण्यात मी वय बघत नाही. मी एक पाऊल मागे सरले, आणि तो बाक सोडून माझ्या मागे आला.

पाऊल, मग दुसरं, मग चक्क पळाल्यासारखी दोन-तीन, आणि त्याने काडी धरून तोंडात घातली. चव आवडली नाही. पण हातातून सोडली नाही.

इलिंकाच्या मांडीवरून लोकरीचा गुंडा रस्त्यावर गेला. वेन्का दारात उभी होती, तिने छातीवर क्रूस काढला. मग इलिंका उठली. "पीठ मळते," एवढंच म्हणून ती निघाली, आणि तेवढ्यात पंपावरून त्सेको आला. त्याला कोणी हाक मारली ते मला माहीत नाही. मी मारली असेल.

"काय केलं त्याने?"

"चालला," मी म्हटलं.

त्सेकोने पोराकडे बघितलं. पोर तोवर बसलं होतं आणि काडी सोलत होतं. मला त्याच्या तोंडाकडे बघवेना. ज्याने दात, शिंक, ढेकर काही म्हणून गाळलं नव्हतं, तोही त्या वेळी तिथे नव्हता.

"आई, थांब," तो म्हणाला. "रोटी ती आल्यावर."

"तोवर किती उशीर होईल. पोर जन्मभर ठेचाळेल रे."

"मग तो चाललाच नाही."

"चालला की, डोळ्यांदेखत."

"कोणाच्या?" त्सेको म्हणाला. मी सांगितलं ना, हा माणूस बोलत नसे. त्या दिवशी बोलला. "मी पाहिलं नाही. नेव्हेनाने पाहिलं नाही. ज्याच्या आईबापाने पाहिलं नाही ते पहिलं पाऊल कसलं? आई, तू पाहिलंस?"

इलिंकाने रस्त्यावरचा लोकरीचा गुंडा उचलला. सासू आहे, पण दगड नव्हे. "मी लोकर बघत होते," ती म्हणाली.

"वेन्काकाकू?"

"मला लांबचं दिसत नाही रे. चष्मा आत आहे."

मग तिघंही माझ्याकडे वळली. माझ्या पोटात बातमी दुपारच्या जेवणापर्यंत टिकते, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. मी म्हटलं, "मी तर प्रास निवडत होते."

आणि गाव कामाला लागलं. कारण एवढी मोठी न झालेली गोष्ट एकट्या तिघींनी न बघणं शक्य नव्हतं, मला गल्लीत प्रत्येकाला बजावून सांगावं लागलं की काय बघायचं नाही. बोयान आता थांबणार थोडाच. ज्या पोराला पाय सापडले त्याला बुडावर ठेवा बघू. तो फाटकातून निघायचा आणि रस्त्याने डुलत यायचा, आणि गल्लीतल्या बाया एकजात माना वर करून छपरांकडे बघायच्या. मी बाकावरून ओरडायची, "त्सेको, तुझं पोर आज फार जोरात बसलंय बघ." कोणीतरी पुढे होऊन त्याला उचलायचं आणि बुडावर टेकवायचं. तो उठायचा. पुन्हा टेकवायचं. पाद्रीबुवांच्या अंगरख्याला धरून तो चर्चच्या पायरीपर्यंत गेला तेव्हा बुवा आकाशाकडे बघून म्हणाले, "खोटं बोलणं पाप आहे, पण मान अवघडणं पाप नाही."

चौदाव्या महिन्याची नऊ तारीख आली. तराजूत बसवलं, वजन ओरडून झालं. "नेव्हेना, महिना चौदावा," त्सेको म्हणाला, आणि अडकला. "दात आठ. दाब ठीक." मग खोकला. "चालत नाही अजून."

इथे आमचं चुकलं. आम्हाला वाटलं, तिला बरं वाटेल. वेळ आहे म्हणेल, माझ्यासाठी थांबलाय म्हणेल. पण नेव्हेना आई आहे, गावकरी नव्हे. दुसऱ्या दुपारी तिचा फोन आला तो सासूला. "आई, तो उभा का नाही राहत? फोटोत नुसता बसलेला. सगळ्यात बसलेला." इलिंका म्हणाली, राहील गं. "मी दूध तोडून आले म्हणून झालं का? हाडांत काही गेलं नाही का त्याच्या?" इलिंकाने फोन छातीशी धरला. मी खुणेने म्हणत होते, सांग, सांगून टाक. तिने डोळ्यांनी त्सेकोकडे दाखवलं. तो दाराशी होता, मान हलवत होता. थोडेच दिवस राहिलेत, असं तो बोटांनी दाखवत होता.

तेवढे दिवस नेव्हेनाने कसे काढले ते तिचं तिला माहीत. सिन्योरा इर्माला चालवताना ती तिचे गुडघे बघायची, घोटे बघायची, आणि इर्माच्या मुलीला विचारायची की लहान मुलाचे पाय कशाने बळकट होतात. त्या भल्या बाईने कडक तळव्याचे, घोट्याला धरून ठेवणारे बूट आणून दिले, आणि डॉक्टरला काय विचारायचं ते सांगितलं. हे आम्हाला नंतर कळलं.

ती आली त्या दिवशी बस थांबायच्या आधीच तिचं तोंड काचेला लागलेलं होतं. त्सेकोने पोराला कडेवर घट्ट धरलं होतं, उतरून धावू नये म्हणून. नेव्हेना खाली उतरली, बॅग तिथेच टाकली, आणि हात पुढे केले. बोयानने बापाच्या मानेत तोंड खुपसलं.

"बोयानचो," ती लाडाच्या नावाने हळू म्हणाली, "माझ्या सोन्या."

त्याने मान वर केली. आवाज ओळखीचा होता, यात शंका नाही. पण त्याने तिच्याकडे बघितलंच नाही. बापाच्या सदऱ्याच्या खिशाकडे बघितलं, जिथे फोन असतो, आणि खिशावर हात ठेवून हसला.

मी आयुष्यात पुष्कळ लोकांना टोमणे मारलेत. त्या वेळी मला एकही सुचला नाही. नेव्हेनाने हात खाली घेतले आणि त्सेकोला म्हणाली, "घाई नको करूस. त्याला मला नीट बघू दे." रस्ताभर ती पोराच्या मागून चालली, हात लांब करून त्याच्या लोंबत्या पायांना धरून. एकदा हा पाय, एकदा तो. त्सेकोला वाटलं, लाड करतेय. मला दिसत होतं, ती हाडं चाचपत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पीठ मळलं. आमचा ईस्टरआधीचा उपास चालू, त्यामुळे अंडं नाही, लोणी नाही, नुसतं पीठ, पाणी, मीठ. त्सेको म्हणाला होता, आज टाकेल बघ पाऊल, मला वाटतंय. तिने रोटी भाजली, आणि कडक बूट पायरीवर आणून ठेवले. अंगणात द्राक्षाच्या मांडवाखाली कापड अंथरलं, टोकाला तिवई. गल्ली सगळी जमली. नेव्हेना तिवईजवळ उकिडवी बसली. इलिंकाने रोटी सोडली, ती गेली गडगडत वेलीच्या मुळापर्यंत. त्सेकोने बोयानला कापडाच्या कडेला उभं केलं आणि हात सोडला.

बोयानने सगळ्यांकडे पाहिलं. सगळे त्याच्याकडे बघत होते. आणि तो शहाण्या पोरासारखा खाली बसला.

पुन्हा उभं केलं. पुन्हा बसला. आणि वर बघून वाट बघायला लागला, की शाबास कोण म्हणतं. मग आमच्या लक्षात आलं. इतके दिवस आम्ही त्याला हेच तर शिकवलं होतं. कोणी बघितलं की बसायचं.

नेव्हेना उठली. चेहरा पिठाचा हात फिरवावा तसा पांढरा. ती बुटांकडे निघाली. "आज शहरात नेऊ," ती त्सेकोला म्हणाली. "मी डॉक्टरचं नाव आणलंय."

"थांब गं पोरी," मी म्हटलं. आणि बाकीच्यांना म्हटलं, "बायांनो, छपराकडे."

सवय झाली होती. एका दमात सगळ्या माना वर गेल्या, वेन्काची, इलिंकाची, पाद्रीबुवांचीही. त्सेको आपल्याच धुराड्याकडे बघत उभा राहिला. मीही वर बघितलं, तरी एक डोळा खाली ठेवला, कारण तो माझा धर्म आहे. बोयान हुशारीने चहूकडे बघून उठला. कापडावरून गेला तो सरळ, तिवईला वळसा घातला, कात्री नाही, पाना नाही, पेन नाही, वेलीच्या मुळाशी जाऊन वाकला, रोटी उचलली आणि चावली.

"खाणारा होणार," वेन्का छपराकडे बघत म्हणाली.

कोणी हसलं नाही. नेव्हेनाला एकटीलाच ते सगळं नीट दिसलं होतं, आणि तिला ते कळलं होतं. पहिल्यांदा चालणारं पोर वळसा घालत नाही. वाकून काही उचलत नाही. ते पडतं.

"कधीपासून?" तिने विचारलं.

कोणी मान खाली घेतली नाही.

"त्सेको, कधीपासून?"

"महिना सुरू झाला तेव्हापासून," तो म्हणाला.

"आणि मी तिकडे त्याच्या पायांसाठी रडत होते. त्या बाईचे घोटे धरून मी रडत होते, त्सेको. तुला वाटलं नाही एकदा सांगावं?"

"मी पण पाहिलं नाही," तो म्हणाला. त्याचे ते फावड्यासारखे हात कुठे ठेवायचे ते त्याला कळत नव्हतं. "मी म्हटलं, दोघांनी पाहिलं नाही तर मग नाहीच झालं. तुझी जागा धरून ठेवली होती."

ती त्याच्याकडे बघत राहिली. रागावली होती, आणि तिला रागवायचा हक्क होता, तो कोणी काढून घेतला नाही. मग तिने पोराच्या तोंडातून रोटी घेतली, मोडली, मध लावला आणि पहिला तुकडा त्याच्याच हातावर ठेवला. आम्ही सगळ्यांनी तुकडे घेऊन अंगणात गोल फिरत खाल्ले. खाताना चालायचं म्हणून बरं, नाहीतर एकमेकांकडे बघावं लागलं असतं.

तिचे दिवस भराभर गेले. तिसऱ्या दिवशी बोयान तिच्या मांडीवर झोपला. चौथ्या दिवशी तिच्यामागे विहिरीपर्यंत गेला. त्सेकोने फोन खिशातून काढलाच नाही, आणि कोणी त्याला विचारलंही नाही की का.

जायच्या आदल्या दुपारी ती माझ्याकडे आली. बोयान खांद्यावर झोपलेला. ती बाकावर बसली, मी सरकले.

"गेनाआजी, मला सांग. ते कसं झालं."

"काय कसं झालं?"

"तू तिथे होतीस. मला माहीत आहे. गावात काही झालं आणि तू नव्हतीस असं होत नाही."

तर मी सांगितलं. वेन्काचं दुकान, इलिंकाची लोकर, प्रासची काडी, नाकाला गुदगुल्या. मी रंगवून सांगते, माझी वाईट खोड, पण त्या दिवशी साधंच सांगितलं. ती ऐकत होती. 

"पुन्हा सांग," ती म्हणाली. "पण या वेळी मला घालून सांग."

मी तिच्याकडे बघितलं. थट्टा करत नव्हती.

"बरं," मी म्हटलं. "तर मार्च लागला होता. तू वेन्काच्या दुकानातून बाहेर आलीस..."

"मी काय घातलं होतं?"

"तुझा तो निळा स्वेटर. कोपरावर विरलेला."

"तो मी तिकडे नेलाय."

"त्या दिवशी इथे होता. हातात प्रासची जुडी. बोयान बाक धरून उभा. तू एक काडी काढलीस आणि त्याच्या नाकाला लावलीस. त्याने हात केला, तू मागे घेतलीस."

"मी मागे नसती घेतली," ती म्हणाली. "मी दिली असती."

"मग तो चालला कसा असता?"

 तिने पोराच्या मानेवर नाक टेकवलं. "बरं. एकदा मागे घेतली. मग मी खाली बसले असते, उकिडवी, आणि हात असे केले असते." एका हाताने दाखवलं, दुसऱ्यावर पोर होतं.

"तशीच बसली होतीस. तसेच हात. आणि त्याने बाक सोडला."

"पडला?"

"नाही. एक पाऊल, मग दुसरं, मग पळालाच, आणि तुझ्या अंगावर येऊन आदळला. काडी चावली आणि तोंड वाकडं केलं. तू एवढी हसलीस की वेन्का बाहेर आली."

 रस्त्यावरून एक कुत्रं गेलं, परत आलं. मग तिने विचारलं, "आणि तू कुठे होतीस, आजी?"

माझ्या गोष्टीत मी नसणं हे मला अजून जमलेलं नाही. लग्नं, मयत, भांडणं, सगळीकडे मी मधोमध असते. मी जरा इकडेतिकडे बघितलं. जागा कुठे दिसेना.

"मी त्या दिवशी गावात नव्हतेच," मी म्हटलं. "शहरात गेले होते, दात काढायला."

दुसऱ्या दिवशी बस आली आणि ती गेली. एप्रिलच्या नऊ तारखेला त्सेकोने पोराला परातीत बसवलं. ते बसेना, उभंच राहिलं, वेन्काला वजन नीट मिळालं नाही. मागच्या आठवड्यात शेजारच्या गावची एक बाई दुकानात आली आणि बोयानला पळताना बघून म्हणाली, कधी चालायला लागला हा? वेन्काने तिला सगळं सांगितलं: नेव्हेना, निळा स्वेटर, प्रासची काडी, उकिडवी बसून पसरलेले हात. इलिंकाने लोकरीचा गुंडा कसा रस्त्यावर गेला ते सांगितलं. त्सेको मीठ घ्यायला आला होता, तोही उभा राहून ऐकत होता, पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा.

"आणि ही गेनाकाकू?" त्या बाईने विचारलं. "हिला कसं काय चुकलं?"

"तिचा दात दुखत होता," वेन्का म्हणाली.

मी गालावर हात ठेवला.